मॉडेल बोटीच्या पोटात पुन्हा पुन्हा पाणी साचणे: शाफ्टची नळी, बुश आणि मोटरीची बैठक

बोट तळ्यावर वीस मिनिटे चालवून बाहेर काढावी, डेकवरचे झाकण उघडावे आणि बॅटरीखाली पाण्याचा थर दिसावा, ही तक्रार मोटरीवर चालणाऱ्या मॉडेल बोटी बांधणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते. शाफ्टच्या (मोटरीची फिरकी प्रोपेलरपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) नळीत ग्रीस भरले की दोन-तीन खेपा नीट जातात, पाणी थांबले असे वाटते आणि चौथ्या-पाचव्या खेपेला ते परत दिसते. माझ्या टगबोटीच्या बाबतीत हा प्रकार अख्खा एक हंगाम चालला. दर वेळी मी ग्रीस भरत होतो आणि दर वेळी तेवढ्यापुरतेच बरे वाटत होते. शेवटी लक्षात आले ते असे की ग्रीस म्हणजे पाणी अडवणारे बूच नव्हे. शाफ्ट आणि बुश (नळीच्या टोकाला बसवलेली, शाफ्टला आधार देणारी धातूची कडी) यांच्यामधली फट बारीक आणि सारखी असेल तोवरच ग्रीस त्या फटीत टिकून राहते, आणि ती फट रुंद होण्याचे कारण पुष्कळदा बोटीच्या मागच्या टोकाला नसून आत, मोटरीच्या बैठकीत असते.

पुढचे समजण्यासाठी बोटीची थोडी माहिती देतो. बंदरात जहाजे ओढण्याचे काम करणाऱ्या २५ मीटर लांबीच्या टगची ही १:३२ प्रमाणातली प्रतिकृती आहे. लांबी ७८ सेंटिमीटर, रुंदी २५ सेंटिमीटर आणि शिशाचे वजन धरून एकूण भार साडेसात किलो. (लांबी ३२ पट लहान झाली की वजन ३२ च्या घनाने, म्हणजे ३२,७६८ पटीने लहान होते, त्यामुळे अडीचशे टनांची टग इतक्या थोड्या किलोंत बसते.) हल (बोटीचे बाहेरचे कवच) ३ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा असून त्यावर बाहेरून ग्लास क्लॉथ आणि इपॉक्सी आहे. मोटर ५४० आकाराची, बॅटरी ७.२ व्होल्टची, शाफ्ट ४ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा, त्याभोवती ८ मिलिमीटरची पितळी नळी, नळीच्या दोन्ही टोकांना कांस्याचे बुश आणि बाहेर ५० मिलिमीटरचा चार पात्यांचा प्रोपेलर. मोटर आणि शाफ्ट यांच्यामध्ये युनिव्हर्सल कपलिंग, म्हणजे कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणारा सांधा. हीच रचना कमी-अधिक फरकाने बहुतेक टग, मच्छीमार बोटी आणि लाँचच्या प्रतिकृतींत असते.

थोडे पाणी आत आले तर काय बिघडते, असे काही जण विचारतात. या बोटीचा पाण्याच्या पातळीवरचा छेद साधारण १,६०० चौरस सेंटिमीटरचा आहे, म्हणजे पाव लिटर पाणी आत शिरले तरी बोट जेमतेम दीड मिलिमीटर खाली बसते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसणे शक्य नाही. पण ते पाणी आत मोकळे असते. वळण घेताना टग एका बाजूला कलली की पाणी त्याच बाजूला धावते, कल वाढवते आणि बोटीला सरळ होऊ देत नाही. मोठ्या जहाजांवर टाक्या अर्धवट भरलेल्या ठेवायला खलाशी कचरतात, त्यामागेही हेच कारण आहे. त्यामुळे गळती थोडी असली तरी ती शोधलीच पाहिजे.

आधी मोजावे, मग खोलावे

पाणी दिसताक्षणी नळी खोलायला बसणे, ही माझी पहिली चूक होती. वीस मिलिलिटरची सिरिंज घेऊन आत साचलेले पाणी ओढून मोजावे आणि वहीत लिहावे. मी तीन परीक्षा केल्या. पहिल्या वेळी अंघोळीच्या मोठ्या टबमध्ये बोट तासभर नुसती तरंगत ठेवली: ४ मिलिलिटर. दुसऱ्या वेळी तळ्यावर अर्ध्या वेगाने वीस मिनिटे केवळ पुढे चालवली: ३५ मिलिलिटर. तिसऱ्या वेळी तितकाच वेळ, पण धक्क्याला लावण्याचा सराव करीत सारखी मागे-पुढे केली: ११० मिलिलिटर.

या तीन आकड्यांनी अर्धे निदान केले. नुसत्या तरंगणाऱ्या बोटीत पाणी भरत असेल तर दोष हलमध्ये, सांध्यात किंवा नळी जिथे हलमधून बाहेर पडते त्या जागी असतो. चालताना भरत असेल तर शाफ्ट, सुकाणू किंवा डेकवरची झाकणे यांच्याकडे पाहावे. मागे चालवताना गळती तिपटीने वाढत असेल तर शाफ्टवर संशय पक्का होतो. त्याचे कारण पुढे येईल.

त्यानंतर पाणी नेमके कुठून शिरते ते पाहायचे. इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही, कारण पाणी जिथून येते तिथे थांबत नाही; सगळ्यात खोल जागी जाऊन साचते. माझ्या बोटीत ते नेहमी बॅटरीच्या खणात सापडत असे, म्हणून बरेच दिवस मी त्या खणाच्या बुडालाच दोष देत होतो. उपाय अगदी साधा निघाला. टिपकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर शाईच्या पेनाने एक सरळ निळी रेघ मारली आणि शाफ्टच्या आतल्या बुशाखाली, सुकाणूच्या नळीभोवती, दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर आणि झाकणांच्या कडेखाली त्या चिकटवल्या. दहा मिनिटे बोट चालवून झाकण उघडले. सुकाणूपाशी आणि सांध्यांवर रेघा जशाच्या तशा होत्या. झाकणाखालच्या एका पट्टीवर दोन थेंबांचे निळे ठिपके फुटले होते. आतल्या बुशाखालच्या पट्टीवर मात्र रेघ अशी उरलीच नव्हती. तिथे पंख्याच्या आकाराचा फिका निळा डाग पसरला होता आणि त्याच्या टोकाशी ग्रीसचा करडा ओघळ होता. संशयाला जागा राहिली नाही.

ज्यांच्या बोटीत नुसते तरंगताना पाणी भरते, त्यांनी उलटी परीक्षा करावी. सगळी विजेची उपकरणे काढून बोट मागच्या बाजूला कलती ठेवावी, खाली स्पंजचे तुकडे द्यावेत, बाहेरचा भाग कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर शिंपडावी आणि आत लिटरभर पाणी ओतावे. जिथून थेंब बाहेर येईल तिथे पावडरीवर काळपट रेघ उमटते. पितळी नळी आणि प्लाय यांच्या सांध्यात असा थेंब दिसला, तर वरून इपॉक्सीचा थर फासून उपयोग होत नाही. गुळगुळीत पितळ इपॉक्सीला नीट धरत नाही. नळीतून शाफ्ट आणि बुश काढून घ्यावेत, तापवलेली लोखंडी सळई नळीत घालून जुने इपॉक्सी मऊ होऊ द्यावे, नळी ओढून काढावी, बाहेरून खरखरीत पॉलिश पेपरने घासावी आणि मगच पुन्हा चिकटवावी. ज्योत लावू नये. प्लाय आणि ग्लास क्लॉथ दोन्ही जातील.

नळीचे आतले टोक आणि जलरेषा

पाणी नळीतून वर का चढते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला राहते, हे आपण शाळेत शिकलो. शाफ्टची नळी हे तसलेच जोडलेले भांडे आहे. तिचे आतले टोक जलरेषेच्या (बाहेरच्या पाण्याची पातळी हलवर जिथे येते त्या रेषेच्या) वर असेल, तर स्थिर बोटीत पाणी नळीत जलरेषेपर्यंत चढते आणि तिथेच थांबते. ग्रीस असो वा नसो, ते आत सांडत नाही. टोक जलरेषेच्या खाली असेल, तर मात्र नळी म्हणजे सतत उघडा असलेला नळ, आणि त्याला अडवणारी गोष्ट एकच: बुशामधली बारीक फट.

लहान लाँचमध्ये नळी थोडी उताराने बसवून आतले टोक वर आणता येते. टगमध्ये प्रोपेलर मोठा आणि खोल असतो, मोटरही जमेल तेवढी खाली बसवावी लागते, त्यामुळे ही सोय राहत नाही. माझ्या बोटीत आतले टोक जलरेषेच्या १२ मिलिमीटर खाली आहे. शिवाय बोट वेगात असली की तिची मागची बाजू, जिला आपल्याकडचे दर्यावर्दी वरांग म्हणतात, खाली दबते आणि मागची लाट वर चढते, म्हणजे बाहेरची पातळी आणखी वाढते. नवी बोट आखत असाल तर कागदावरच जलरेषा आणि नळीचे टोक ताडून पाहावे. तयार बोटीत हे बदलणे म्हणजे अर्धी बोट उकलणे, आणि तो सल्ला मी कोणालाही देणार नाही.

ग्रीस का टिकत नव्हते

शाफ्ट बाहेर काढला तेव्हा नळीतले ग्रीस काळपट झाले होते. बोटावर घेऊन उन्हात धरले तर त्यात बारीक पिवळे कण चमकत होते. ते कण बुशाचे होते. बाहेरचा बुश बऱ्यापैकी ठीक होता. आतला बुश भिंगाखाली पाहिला, तर त्याचे छिद्र गोल राहिलेच नव्हते. वरच्या अंगाला झिजून ते लांबट झाले होते, आणि शाफ्टवर नेमक्या त्याच जागी आरशासारखा चकचकीत पट्टा पडला होता. शाफ्ट परत घालून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पातींच्या मापकाने) पाहिले तेव्हा वरच्या बाजूला ०.३ मिलिमीटरची पात सहज आत गेली. नव्या बुशात तिथे ०.०५ ची पातसुद्धा जाता कामा नये.

एवढ्या फटीत ग्रीस राहणे शक्यच नव्हते. शाफ्ट फिरताना एका बाजूने दाबला जातो, दुसऱ्या बाजूला पोकळी होते, आणि दर फेऱ्याला थोडे ग्रीस बाहेर व थोडे पाणी आत, असा पंपच तयार होतो. त्यात आपल्याकडच्या तळ्यांचे पाणी पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने गढूळ असते. तो बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळला की त्याची पॉलिश पेपरसारखी धार होते. नवे ग्रीस भरून मी काही खेपांपुरती ती पोकळी बुजवत होतो, एवढेच.

मोठ्या जहाजांनीही ही झीज भोगली आहे. प्रोपेलरवर चालणाऱ्या सुरुवातीच्या आगबोटींत शाफ्टची धातूची बेअरिंगे फार लवकर झिजत आणि मागच्या बाजूने पाणी येई. जॉन पेन या इंग्लिश अभियंत्याने लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या बेअरिंगचे पेटंट १८५४ साली घेतले. हे लाकूड इतके जड असते की पाण्यात बुडते, आणि त्या बेअरिंगला वंगण म्हणून समुद्राचे पाणीच पुरते. जहाजाच्या आतल्या बाजूला शाफ्टभोवती दोरीसारखे पॅकिंग भरून ते नटांनी आवळतात, आणि तेही पूर्ण कोरडे होईल इतके आवळत नाहीत. शाफ्ट गार राहावा म्हणून थेंब थेंब पाणी मुद्दाम येऊ देतात. आपल्या बोटीतही अगदी शून्य पाण्याचा हट्ट धरून ग्रीस ठासत राहिले, तर मोटरीवरचा भार तेवढा वाढतो.

झीज कशामुळे: मोटरीची बैठक

बुश बदलणे सोपे होते, पण तो एकाच अंगाला का झिजला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नव्हता. कपलिंग सोडवले आणि मोटरीचा शाफ्ट व प्रोपेलरचा शाफ्ट समोरासमोर आणले. मोटरीचे टोक जवळपास दोन मिलिमीटर वर होते आणि थोडे तिरकेही होते. बांधताना मी रेष डोळ्यांनीच लावली होती, कारण युनिव्हर्सल कपलिंग आहे म्हणजे थोडे कमी-जास्त चालून जाईल, असा माझा समज होता. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

एका सांध्याचे युनिव्हर्सल कपलिंग केवळ कोन सांभाळते. दोन शाफ्ट समांतर पण वर-खाली असतील तर ते एकट्या सांध्याला सांभाळता येत नाही. त्याला दोन सांध्यांचे कपलिंग लागते. आणि कोन सांभाळला तरी त्याची किंमत मोजावी लागते. कोन १५ अंशांचा असेल तर मोटर एकसारख्या वेगाने फिरत असूनही प्रोपेलरचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे साडेतीन टक्के जलद आणि दोनदा तेवढाच मंद होतो. मिनिटाला सहा हजार फेरे धरले तर वेगाची ही ओढाताण मिनिटाला बारा हजार वेळा होते. तिचा थरथराट पहिल्यांदा सोसतो तो आतला बुश. बोट चालताना हलमधून येणारी घरघर मी टगचा स्वाभाविक आवाज समजत होतो. ती खरे तर बुश झिजत असल्याची खूण होती.

दुरुस्ती अशी केली. लेथवाल्याकडून पितळेची एक लहान सरळ नळी करून घेतली. तिच्या एका टोकाला ५४० मोटरीच्या ३.१७ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी छिद्र आणि दुसऱ्या टोकाला ४ मिलिमीटरचे, दोन्ही एकाच रेषेत आणि घट्ट बसणारी. शाफ्टच्या नळीत नवे बुश बसवले, शाफ्ट घातला, कपलिंगच्या जागी ही सरळ नळी चढवली आणि तिच्यावर मोटर अडकवली. आता मोटर आपोआप शाफ्टच्या रेषेत आली, आणि तिचा ब्रॅकेट जुन्या लाकडी ठोकळ्यापासून किती दूर आहे ते उघड दिसले. ठोकळा तासून कमी केला आणि उरलेल्या फटीत लाकडाचा भुसा मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी भरले. ब्रॅकेटला आधी मेण लावले होते, म्हणजे तो चिकटणार नाही. पूर्ण चोवीस तास हात लावला नाही. मग स्क्रू आवळले, शाफ्ट बोटांनी फिरवून तो कुठेही अडत नाही याची खात्री केली, आणि शेवटी सरळ नळी काढून कपलिंग परत बसवले. घाईने इथला एखादा टप्पा गाळला तर सगळे श्रम वाया जातात.

परीक्षा अँपिअर मीटरने करावी. पाण्याबाहेर, पूर्ण शाफ्ट जोडून, अर्ध्या वेगाला पूर्वी माझी मोटर २.६ अँपिअर घेत होती. रेष लावल्यावर १.४ वर आली. घरघरही थांबली.

नव्या बुशांबद्दल एक सूचना. सच्छिद्र कांस्याच्या बुशात तेल मुरवलेले असते. ते पेट्रोलने किंवा थिनरने धुतले तर तेल निघून जाते, आणि छिद्र पॉलिश पेपरने घासले तर सूक्ष्म रंध्रे बुजतात. व्हाइसमध्ये दोन लाकडी तुकड्यांच्या मध्ये धरून हळूहळू दाबत बसवावेत, हातोडी वापरू नये.

मागे चालवताना जास्त पाणी येण्याचे कारण

पुढे जाताना प्रोपेलर शाफ्टला बोटीच्या आत ढकलतो. त्यामुळे प्रोपेलरचा चेकनट आणि वॉशर बाहेरच्या बुशाच्या तोंडावर दाबून बसतात आणि फट बऱ्यापैकी बंद राहते. मागे जाताना प्रोपेलर शाफ्टला बाहेर ओढतो, वॉशर बुशापासून सुटतो आणि तोंड उघडे पडते. शिवाय प्रोपेलरने ढकललेले पाणी थेट त्या तोंडावर येते. माझ्या शाफ्टला लांबीच्या दिशेने दीड मिलिमीटरचा प्ले (मोकळी हालचाल) होता. आतल्या बाजूची कॉलर (शाफ्टला जागेवर धरणारी कडी) सैल होऊन सरकली होती, हे मी कधी पाहिलेच नव्हते. आता वॉशर आणि बुश यांच्यात साध्या लिहायच्या कागदाची दुहेरी घडी, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर, धरून कॉलर आवळतो आणि मग कागद ओढून काढतो. यापेक्षा कमी ठेवले तर शाफ्ट जाम होतो.

याच जागी आणखी एक शत्रू भेटतो. पतंगाचा मांजा, गळाची नायलॉन दोरी, निर्माल्यातले दोरे हे सगळे प्रोपेलरमागे शाफ्टवर गुंडाळले जातात, घर्षणाने नायलॉन वितळते आणि वॉशरखाली घुसून त्याला बुशापासून दूर करते. दर खेपेनंतर प्रोपेलरमागे बोटाने चाचपून पाहावे. नख अडकले तर प्रोपेलर काढून दोरा सोडवावा.

ग्रीस भरण्यासाठी मी नळीच्या मध्यावर ४ मिलिमीटरची उभी पितळी नळी डाग देऊन जोडली आहे. तिचे वरचे तोंड जलरेषेच्या बरेच वर ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर गळतीचे नवे तोंड आपणच तयार करू. पाण्यात न विरघळणारे मऊ ग्रीस सिरिंजने भरावे आणि बाहेरच्या बुशापाशी त्याची बारीक कडी दिसू लागली की थांबावे. ट्रकच्या चाकाचे दाट ग्रीस वापरू नये. माझ्या मोटरीला तेवढ्यानेच अर्धा अँपिअर जादा लागत होता. बाहेर आलेले ग्रीस पाण्यात उतरण्यापूर्वी पुसून घ्यावे, कारण तळ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

सुकाणूच्या नळीचे वरचे तोंडही जलरेषेच्या वर असावे आणि तिथे एक ओ-रिंग असावी. एवढे केले की तिथून सहसा त्रास होत नाही. झाकणाखाली पातळ फोमची पट्टी लावल्यावर माझे ते दोन निळे ठिपकेही गेले. रिसिव्हर (रेडिओचे संदेश घेणारे उपकरण) मात्र अजूनही फुग्यात घालून, तोंड बांधूनच ठेवतो.

या दुरुस्तीनंतर पंधरा खेपा झाल्या. मागे-पुढे चालवण्याच्या वीस मिनिटांच्या परीक्षेत पाणी ११० वरून ३ मिलिलिटरवर आले, आणि पंधराव्या खेपेलाही ते ५ च्या वर गेले नाही. दर पाच खेपांनी ग्रीस भरतो, दर दहा खेपांनी शाफ्ट बाहेर काढून ग्रीसचा रंग पाहतो आणि मोटरीचे अँपिअर मोजून वहीत लिहितो. आकडा दीडच्या वर गेला तर ग्रीसची डबी उघडण्याआधी कपलिंग सोडवून सरळ नळी लावून बघायची, असे आता ठरवले आहे. ती नळी बोटीच्या पेटीतच, सिरिंजशेजारी, दोऱ्याने बांधून ठेवली आहे.